मांजराला कुंपण, घराला संरक्षण

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एक बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. तक्रार साधीच होती. उजव्या हाताचा अंगठा सुजला होता, ठणकत होता, अंगात कणकण होती. अंगठ्याच्या मुळाशी दोन बारीक छिद्रे दिसत होती. काय चावले म्हणून विचारले, तर बाई हसून म्हणाल्या, "काही नाही हो डॉक्टर, घरचीच मनी आहे. हळद भरली होती मी लगेच." या गोष्टीला चार दिवस झाले होते.

"मनी आता कुठे आहे?" मी विचारले.

बाई काही बोलायच्या आत मुलगाच म्हणाला, "ती मेली."

मग हळूहळू सगळे कळले. मनी तीन रात्री घराबाहेर होती. परत आली तेव्हा मानेवर कुत्र्याने धरल्याची जखम होती. मुलगा तिला उचलायला गेला आणि ती चावली. दोन दिवसांनी ती अंगणातच मेली. वडिलांनी तिला पोत्यात घालून खाडीच्या बाजूला टाकून दिले. ती त्या जखमेने मेली, उंदराच्या विषाने मेली, की आणखी कशाने, हे सांगायला आता काही उरले नव्हते. अशा वेळी डॉक्टरला एकच गोष्ट करता येते. सर्वांत वाईट शक्यता गृहीत धरायची आणि उपचार सुरू करायचे. जखम पुन्हा साबणाने धुतली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, अँटिबायोटिक लिहून दिले आणि मुलाला त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी व सीरमसाठी सरकारी रुग्णालयात पाठवले. मुलगा आज ठणठणीत आहे.

जाताना बाईंनी मला एक प्रश्न विचारला. "पण डॉक्टर, मांजराला काय आपण कोंडून ठेवायचं का?" त्यावेळी दवाखान्यात गर्दी होती, नीट उत्तर देता आले नाही. आजचा लेख हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. उत्तर असे, की कोंडायचे नाही, बांधायचे तर मुळीच नाही, पण मोकळेही सोडायचे नाही. आपल्या आवाराला मांजराच्या मापाचे कुंपण घालायचे.

काळ बदलला, मांजर तेच राहिले

आपल्याकडे कुत्रा पाळतात आणि मांजर "असते". कुत्र्याला पट्टा, साखळी, लस, नगरपालिकेचा बिल्ला. मांजराला उरलेला भात आणि माशाचे डोके. कुत्रा माणसाला धरून असतो आणि मांजर घराला धरून असते, असे आपले जुने लोक म्हणत. ते खोटे नव्हते. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. त्या जुन्या पनवेलात कौलारू घरे, मागे परसू, परसात विहीर आणि चार नारळ. रस्त्यावर बैलगाडी आणि टांगा. मांजर आळीभर फिरून तिन्हीसांजेला चुलीपाशी येऊन बसे.

आज पनवेलची महानगरपालिका झाली, त्यालाही २०१६ पासूनची वर्षे लोटली. एका बाजूला गोव्याचा हमरस्ता, दुसऱ्या बाजूला पुण्याचा द्रुतगती मार्ग, मध्ये सिडकोच्या वसाहती आणि आता शेजारी विमानतळ. मांजर आडवे गेले की आपण दोन पावले मागे येतो. खरे तर अशा रस्त्यावर अपशकुन आपल्याला होत नाही, मांजराला होतो.

मांजराचे काम उंदीर धरण्याचे, हेही आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे महाराष्ट्रभर पसरला. त्या काळात अमरावतीला सिव्हिल सर्जन असलेले बुकॅनन नावाचे इंग्रज डॉक्टर होते. ज्या गावांत मांजरे जास्त तिथे प्लेग कमी, असे त्यांचे निरीक्षण होते आणि प्लेग थांबवायला मांजरे पाळा असे त्यांनी १९०८ साली इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकातून मांडले. कल्पना चांगली होती, पण पुढे कळलेली गोष्ट अशी, की प्लेगचा उंदीर खाऊन मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्याकडून तो माणसाला होऊ शकतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात असे रोगी सापडले आहेत. मांजर उंदीर मारते, पण उंदराचे रोगही घरी आणते. बुकॅनन साहेबांच्या हिशेबात ही दुसरी बाजू नव्हती. आपल्याही नसते.

बाहेरून काय येते?

पहिला धोका रेबीजचा. माणसाला रेबीज होतो तो बहुतेक वेळा कुत्र्यापासून हे खरे, पण मांजरालाही कुत्र्याकडून तो होतो आणि मांजराकडून माणसाला. एकदा लक्षणे दिसू लागली की या रोगावर इलाज नाही. जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे रेबीजने मरतात असा अंदाज आहे आणि त्यात आपल्या देशाचा वाटा फार मोठा आहे. कुत्रा चावला की आपण घाबरून धावत येतो. मांजर चावले की हळद लावून घरी बसतो. माझी भीती या दुसऱ्या सवयीची आहे.

दुसरी गोष्ट मांजराच्या दातांची. ते सुईसारखे बारीक असतात. वरून जखम टाचणीएवढी दिसते, पण जंतू खोलवर सांध्यापर्यंत, स्नायूंच्या दोऱ्यांपर्यंत जातात. हातावर मांजर चावले तर बारा ते चोवीस तासांत सूज आणि पू होण्याचा संभव कुत्र्याच्या चाव्यापेक्षा जास्त असतो. रक्त आले नाही म्हणून अशा जखमेकडे दुर्लक्ष करू नये.

तिसरी गोष्ट टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची. मांजराला हा लागतो तो उंदीर, पक्षी आणि कच्चे मांस खाऊन. मग दोन-तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून याची सूक्ष्म अंडी पडतात. ताज्या विष्ठेपासून धोका नसतो. एक ते पाच दिवस ती तशीच पडून राहिली की ती अंडी रोग द्यायला तयार होतात आणि मातीत अनेक महिने टिकतात. गरोदरपणात ही बाधा पहिल्यांदाच झाली तर पोटातील बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना इजा होऊ शकते. म्हणून सून गरोदर आहे असे कळले की मांजर घराबाहेर काढणाऱ्या सासूबाई मला माहीत आहेत. त्याची गरज नाही. मांजराची जागा दुसऱ्या कोणीतरी रोजच्या रोज साफ करावी, सुनेने बागेत माती उकरताना हातमोजे घालावेत, हात साबणाने धुवावेत, मेथी-कोथिंबीर तीन पाण्यांतून काढावी आणि मटण नीट शिजवावे. जे मांजर बाहेर जात नाही, उंदीर खात नाही आणि ज्याला कच्चे मांस मिळत नाही, त्याच्यापासून हा धोका फारच थोडा.

यात गजकर्णाची भर घाला. एका घरातल्या तीन मुलांना एकाच आठवड्यात अंगावर गोल चट्टे उठले की मी पहिला प्रश्न विचारतो, "घरात मांजराचे नवीन पिल्लू आले का?" उत्तर पुष्कळ वेळा "हो" असे येते.

आणि मांजराच्या जिवाचे काय? त्याच्या वाट्याला बाहेर वाहने, कुत्री आणि विष खाल्लेला उंदीर येतो. उंदीर मारायचे औषध खाऊन मेलेला किंवा मरायला टेकलेला उंदीर मांजराने खाल्ला तर त्यालाही ते बाधते. घोणस, मण्यार, फुरसे यांच्याशी खेळायची मांजराला हौस असते आणि अर्धमेला साप तोंडात धरून घरात आणायचीही. मण्यारीसारखा साप रात्री स्वयंपाकघरात येऊन पडला तर पुढचे मी सांगायला नको.

कुंपण कसे असावे?

माझे एक पेशंट निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्या दोन मांजरी हमरस्त्यावर गेल्या. तिसरी आणली तेव्हा त्यांनी आधी कुंपण केले आणि मग मांजर आणले. त्यांच्याकडे बसून पाहिले आणि विचारले, त्यावरून पुढील गोष्टी लिहीत आहे.

उंची. चांगले दांडगे मांजर पाच फुटांची भिंत सहज चढते. म्हणून भिंत व जाळी मिळून निदान सहा फूट हवी. नुसत्या उंचीने मात्र भागत नाही. भिंतीच्या माथ्यावर लोखंडी अँगल बसवून दीड-दोन फुटांची जाळी आतल्या बाजूला तिरकी वळवावी. मांजर वर चढते, डोक्यावर जाळी आली की थबकते आणि खाली उतरते. बाहेरची बोकेमंडळी आत येऊ नयेत असे वाटत असेल तर तशीच एक पट्टी बाहेरच्या बाजूलाही काढावी.

ताण. वरची जाळी फार ताणून बसवू नये. डुगडुगणाऱ्या गोष्टीवर चढायला मांजर कचरते. ज्यांना जाळी नको त्यांनी भिंतीच्या माथ्यावर तारेत ओवलेला पीव्हीसी पाईप गोल फिरेल असा बसवावा. पंजा टेकला की पाईप फिरतो आणि पकड सुटते.

जाळीचे भोक एक इंचापेक्षा मोठे नको. जिथून डोके जाते तिथून पिल्लू जाते. आपल्या दमट हवेत साधी लोखंडी जाळी दोन पावसाळ्यांत गंजते, म्हणून जस्ताचा मुलामा किंवा प्लास्टिकचे आवरण असलेली घ्यावी. कोळीवाड्यातून मिळणारे जुने नायलॉनचे जाळे काही जण वापरतात. ते सैल लोंबत ठेवले तर मांजराची मान त्यात अडकते. बांधायचेच तर चारी बाजूंनी पक्के बांधावे.

तळ. कुत्री बाहेरून उकरतात. म्हणून जाळीचा खालचा एक फूट बाहेरच्या बाजूला मातीत आडवा पुरून वर दगड ठेवावेत. फाटकाखाली दोन बोटांपेक्षा जास्त फट नको. पाणी जायच्या मोरीलाही जाळी हवी, पण पावसाळ्यात ती रोज साफ करावी, नाहीतर अंगणाचे तळे होते आणि मग डासांवर दुसरा लेख लिहावा लागतो.

झाडे. भिंतीला लागून असलेला आंबा किंवा नारळ म्हणजे मांजराचा जिना. नारळावर उंदीर चढू नयेत म्हणून आपल्याकडे खोडाला गुळगुळीत पत्रा गुंडाळतात. तीच युक्ती इथे चालते. जमिनीपासून चार फुटांवर तीन फूट रुंद पत्रा गुंडाळावा आणि खोड वाढेल तसा दरवर्षी सैल करावा. भिंतीवर झुकलेल्या फांद्या छाटाव्यात.

विहिरीवर जाळी आणि हौदावर झाकण हवे. हे मांजरापेक्षा घरातल्या मुलांसाठी आधी करावे.

आत काय असावे? सावली, पिण्याचे पाणी, नखे घासायला एखादा ओंडका आणि बसायला उंच फळी, कारण मांजराला वरून जग पाहायला आवडते. पागोळीखाली, भाजीच्या वाफ्यापासून दूर, वाळूचे एक घमेले ठेवावे आणि ते रोज साफ करावे. मुलांच्या खेळायच्या वाळूवर झाकण घालावे. कण्हेर, सायकस आणि डायफेनबेकिया मांजराला विषारी आहेत. लिली तर फारच, तिचे परागकण चाटूनही मांजराची मूत्रपिंडे निकामी होतात. अशी झाडे मांजराच्या आवारात नकोत.

काय करू नये तेही सांगतो. भिंतीवर काचा, काटेरी तार आणि विजेचा प्रवाह यांपैकी काहीही नको. काचेने मांजर कापते, चेंडू काढायला चढलेले पोरही कापते. घरच्या विजेची तार कुंपणाला जोडणे हा तर जीवघेणा गुन्हा आहे.

आणि एक लक्षात ठेवा, जाळीने साप अडत नाही. दगडांचे ढीग, वाढलेले गवत आणि लाकडांची रास काढली तर साप कमी येतात. शिवाय मांजराला तिन्हीसांजेला खायला घालायची सवय लावावी, म्हणजे ते त्या वेळी आपोआप येते. मग दार लावून घ्यावे. रात्र त्याने घरातच काढावी.

नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कळंबोलीकडे बाग नाही, गॅलरी आहे. तिथे कबुतरांसाठी लावलेली जाळी मांजर नखांनी फाडते, म्हणून जाड जाळी घ्यावी आणि महिन्यातून एकदा तपासावी. मांजर कसेही पडले तरी पायांवर पडते, या समजुतीवर विसंबू नये. न्यूयॉर्कमध्ये उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. उपचार मिळालेली दहातली नऊ वाचली, म्हणून लोक त्याचा दाखला देतात. पण ती दवाखान्यापर्यंत आणलेली मांजरे होती. जागीच मेलेल्यांना दवाखान्यात कोणी आणत नाही.

लोक काय म्हणतात?

"हे अन्यायाचे आहे, मांजराचा स्वभाव मोकळा." मान्य. पण मुलाचा स्वभावही मोकळाच असतो, म्हणून आपण त्याला हमरस्त्यावर खेळायला सोडत नाही. शिवाय फिरण्याची निम्मी ओढ ही माजावर येण्याची असते. मांजर पाच-सहा महिन्यांत वयात येते आणि नऊ आठवड्यांत पिल्ले देते. पशुवैद्यकाकडून वेळेवर ऑपरेशन करून घेतले की भटकणे, भांडणे आणि रात्रीचे गळे काढणे, सगळेच कमी होते.

"खर्च कोण करणार?" खर्च आहे, नाकारत नाही. सगळ्या आवाराला जमत नसेल तर मागच्या पडवीला जाळी लावा, तेवढेही मांजराला पुरते. आणि तेही जमत नसेल तर निदान लस आणि ऑपरेशन ही दोन कामे करा, रात्री दार लावा.

"मग उंदीर कोण धरणार?" आवारातले उंदीर मांजर आवारातच धरेल. घुशीच्या वाटेला मांजर सहसा जातच नाही. उंदीर जातात ते कचरा उचलल्याने आणि धान्य झाकल्याने. लेप्टोच्या दिवसांत हे मी दरवर्षी लिहितो.

पक्ष्यांबद्दलही बोलले पाहिजे. आपल्यापासून दहा-बारा किलोमीटरवर कर्नाळ्याचे अभयारण्य १९६८ पासून पक्ष्यांसाठी राखले आहे. तिथे आपण मुलांना पक्षी दाखवायला नेतो आणि घरच्या बागेतला बुलबुल व शिंपी मात्र मांजराच्या स्वाधीन करतो. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा प्रश्न गोष्टीतल्या उंदरांना पडला होता. आपल्याला पडायचे कारण नाही. ताण पडला की सुटणारा पट्टा घ्यावा आणि त्याला घुंगरू बांधावे.

एक प्रकार मात्र बंद व्हायलाच हवा. नको झालेले मांजर पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडून येणे. लोक याला सुटका म्हणतात. अशा रीतीने जनावर उपाशी मरायला सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. शिवाय ज्या वस्तीत ते सोडता तिथेही कोणाची तरी मुले राहतात.

चावलेच तर

साबण आणि वाहते पाणी यांनी जखम पंधरा मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा, पंधरा मिनिटे वाटतात त्यापेक्षा जास्त असतात. हळद, चुना, तिखट, तेल काही लावू नका. टाके घालायची घाई करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पोटातली चौदा इंजेक्शने आता राहिलेली नाहीत, २००५ च्या सुमारास ती बंद झाली. आताची लस दंडात किंवा कातडीत देतात, कातडीतल्या लशीसाठी पहिला, तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस अशा चारच खेपा पडतात. पहिल्या इंजेक्शनचा दिवस शून्य धरून हे दिवस मोजतात, म्हणजे पहिली खेप शून्याच्या दिवशीच असते आणि मधला पहिला दिवस धरायचा नाही. रक्त निघाले असेल तर जखमेत सीरमही भरावे लागते. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते.

मांजराला दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवा. त्याला मारू नका, सोडून देऊ नका. दहा दिवसांनंतर ते धडधाकट असेल तर पुढच्या खेपांचे डॉक्टर ठरवतील. पण दहा दिवस थांबून मग लस घेऊ, असे मात्र करू नका. लस आधी सुरू होते, वाट नंतर पाहिली जाते. मांजराला लस दिलेली असली तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतः निर्णय घेऊ नका.

आणि मांजर आजारी पडले तर घरातली पॅरासिटामॉलची गोळी त्याला देऊ नका. आपल्याला ताप उतरवणारी ती एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. जनावरांचा डॉक्टर मी नव्हे, त्यासाठी पशुवैद्यकाकडेच जावे.

त्या बाई महिन्याभराने मुलाला शेवटच्या खेपेनंतर दाखवायला घेऊन आल्या. अंगठा बरा झाला होता. मुलाने मला हळूच विचारले, "डॉक्टरकाका, दुसरी मनी आणू का?"

मी म्हटले, "आण. पण आधी बाबांना जाळी लावायला सांग."